कडप्प्यावर एकच मावेल

१८ नोव्हेंबर

काल ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे सकाळी गेले. मोठी पातेली घासून ठेवलीत, शेजारच्या शालनकडं परत द्यायची.

वर्षभर घरात गाणं लावलं नाही. रीत म्हणून. फार जड गेलं असं म्हणता येत नाही. गाणं नसल्याचं जाणवायला आधी बाकीचं नसणं कमी व्हावं लागतं.

प्रशांतनं बारामतीहून खोकी आणलीत. दोन स्पीकर, एक अॅम्प्लिफायर. "आई, वर्ष झालं. आता लाव गाणी." मग चहा पिता पिता मुद्द्याचं बोलला. "एक ठरव फक्त. आप्पांच्या रेकॉर्डीच लावायच्या असतील तर रेकॉर्डचं नवं मशीन घेऊ. नाहीतर नेट जोडतो, जगातलं सगळं येतं. दोन्ही नाही मावत."

खरंच मावत नाही. पुढच्या खोलीत कडप्प्याची एकच फळी, तिच्यावर एकच वस्तू. आणि स्पीकर जिथं उभे करायचे तिथं ह्यांच्या चार पेट्या आहेत. नेट घेतलं तर पेट्या कुठं? त्याचंही त्याच्याकडं उत्तर होतं. त्याचा मित्र विक्रम हायवेला हॉटेल काढतोय, जुन्या काळासारखं. त्याला भिंतीवर लावायला रेकॉर्डी हव्यात. सगळ्या घेईल. उद्घाटन पुढच्या महिन्यात.

मी म्हटलं, बघू.

 निघताना सूनबाई पेट्यांवरून हात फिरवून गेली. धूळ बघत असेल.

२० नोव्हेंबर

पेट्या उघडल्या. डांबरगोळ्यांचा वास.

ह्यांची साऊंड सर्व्हिस होती तेव्हा एकाच लगीनसराईत दोन-तीन मांडववाले एका गावात यायचे. रेकॉर्डींची अदलाबदल व्हायची, मग भांडणं. म्हणून प्रत्येक रेकॉर्डच्या मधल्या कागदावर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका आहे. लाल. मी स्वतः नखांना फार कमी लावलं असेल, सगळं रेकॉर्डींना गेलं.

पाकिटं फाटली की हे लग्नपत्रिकांची करायचे. जाड कागद, चिकटवायला खळ. त्यामुळं एकेक रेकॉर्ड कुणाच्या ना कुणाच्या लग्नात गुंडाळलेली आहे. चि. अमुक, चि. सौ. कां. तमुक. त्यातल्या एका तमुकची परवा नातीच्या बारशाला भेट झाली होती.

तिसऱ्या पेटीत ह्यांचा जुना चष्मा. काच पुसली, परत ठेवला.

२१ नोव्हेंबर

जुनं मशीन काढून लावलं, फिरतं. पण इतकं हळू की गाणारी बाई पुरुषासारखी ऐकू येते. रबर ढिला झालाय. दुपारी दाराशी उसाचा ट्रॅक्टर थांबला होता, त्याच्यावरचे स्पीकरचे डबे एवढ्या मोठ्यानं वाजत होते की माझी बाई आहे की बुवा ते कळेना. हंगाम सुरू झालाय. आता चार महिने रस्त्यावरचंच गाणं.

सोपानतात्यांना सुप्याला फोन केला. हे खाली अॅम्प्लिफायरपाशी बसायचे आणि तात्या झाडावर चढून कर्णे बांधायचे, अशी ती जोडी. म्हणाले, "वैनी, रईवारी येतो. रबर घेऊनच येतो. कोंबडं कापू नका, दात काढल्यात."

२४ नोव्हेंबर

तात्या आले. रबर बसवला. बाईचा आवाज परत बाईचा झाला.

प्रशांतनं पुण्यातल्या एका दुकानदाराला मशीनबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला की नवं मशीन घेतलं तर सुई नाजूक असते, झिजलेल्या रेकॉर्डींवर घासू नका, रेकॉर्डीही नव्या घ्या. हे तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "म्हंजी नवी नवरी अन् जुनी सासूबी नगं म्हणती. मग जुन्या रेकॉर्डींनी जायचं कुठं?"

"हॉटेलात. भिंतीवर."

"भितीवर?" जुना रबर खिशात टाकला. मग, "चिकटवणार हायती का टांगणार?"

माहीत नाही म्हटलं.

मशीनच्या दांड्यावर मेणानं चिकटवलेलं चार आण्याचं नाणं अजून आहे. मांडवात पोरं नाचायला लागली की जमीन हलायची आणि सुई उडायची. नाण्याच्या वजनानं ती जागेवर बसायची. मी म्हटलं काढू या, आता कोण नाचतंय. तात्या नको म्हणाले.

मग हळदीचं गाणं लावलं. लहान रेकॉर्ड, आमच्याकडं सगळ्यात जास्त वाजलेली. गाणं संपलं, तात्या गावाला गेले. काही विशेष नाही.

२७ नोव्हेंबर

सूनबाईच्या चुलतबहिणीची हळद, माळेगावला. आमच्या निरवांगीतून मी, शालन आणि आळीतली बायडाकाकू अशा तिघी जीपनं गेलो. हळद लावायला मी पुढं होत नाही, बाजूच्या खुर्चीत बसते. गाणं म्हणायला मात्र बोलावतात. हातात चालत नाही, तोंडात चालतं.

तेच हळदीचं गाणं लागलं, फोनवरून. सगळ्या बायका सोबत म्हणत होत्या. आईचं कडवं झालं. काकाचं आलं. आम्ही तिघींनी जोरात घेतलं:

काकानं आणला हिरवा चुडा, मांडवी नेली.

आणि आम्ही पुढं निघून गेलो. बाकीच्या सगळ्या मागंच. त्या काहीतरी वेगळंच म्हणत होत्या, चुड्याचं लांबण, मग मावशीचं अख्खं कडवं, मुंडावळ्या गुंफल्याचं, मग मामाचं. आम्ही तोवर नवरी मांडवात बसवून मोकळ्या.

एक माळेगावची म्हातारी हसून म्हणाली, "अगं बायांनो, तुमच्यात काकाच नेतो व्हय नवरीला? मामा कुठं गेला, कारखान्यावर?"

बायडाकाकू मागं हटणारी नाही. "आमच्यात काकाच चुडा आणतो अन् काकाच चालतो संगं. तुमीच मधी काय काय घुसडलंय."

"घुसडलंय? मावशीला घुसडलंय?"

"आमच्या गाण्यात मावशी न्हाय."

"मग काय, पोरगी मावशीबिगर वाढली?"

सगळ्या हसल्या. नवरीही. शालन जीपमध्ये बसेपर्यंत पुटपुटत होती, की फोनवरचं गाणं कुणीतरी वाढवलेलं असणार, हल्ली वाढवतात.

मला रस्त्यात कळलं. सकाळी रेकॉर्ड लावून बघायची ठरवली.

२८ नोव्हेंबर

सकाळी मशीनवर रेकॉर्ड लावून नीट ऐकली. 'हिरवा चुडा'पाशी सुई उडते आणि थेट मामाच्या कडव्याच्या शेवटावर पडते, 'मांडवी नेली'. मधलं सगळं जातं. उडी इतकी सफाईनं बसलीय की ठेकाही चुकत नाही. रविवारी तात्या आणि मी समोरासमोर बसून ऐकलं, दोघांनाही काही वाटलं नाही.

म्हणजे निरवांगीत आणि आसपासच्या वाड्यांवर हे गाणं असंच शिकलं गेलं. कर्ण्यावरनं. आमच्या गावात चुडा आणणारा काकाच नवरीबरोबर मांडवात चालतो, हे मी सासरी आले तेव्हा नव्हतं. नंतर आलं. गाण्यामुळं आलं असं कुणी म्हणणार नाही. मीही छातीठोक म्हणत नाही.

प्रशांतला फोनवर सांगितलं. तो पोट धरून हसला. "आई, आप्पांनी रीत बदलली गावाची. एका ओरखड्यानं." मग म्हणाला, "बघ, म्हणून नेट बरं. पूर्ण गाणं येतं."

हो. पूर्ण येतं.

१ डिसेंबर

प्रशांत, सूनबाई आले. पेट्या तात्पुरत्या माझ्या खोलीत सरकवल्या आणि स्पीकर उभे केले. मशीनही जोडलं, फोनही. म्हणाला, परीक्षा घेऊ. तू पाठ करून बस. एकदा रेकॉर्ड लावतो, एकदा नेट. ओळख. उडी नसलेलं गाणं निवडलं, म्हणजे फसवाफसवी नको.

चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, त्यामुळं परीक्षा म्हटलं की अजून बरं वाटतं. बसले.

पहिलं ऐकलं. दुसरं ऐकलं. दुसऱ्यात बारीक खरखर होती, कढईत फोडणी लांबून ऐकावी तशी. पहिलं गुळगुळीत, थोडं दबलेलं. मी म्हटलं, दुसरी रेकॉर्ड.

चुकलं. दुसरं नेट होतं.

सूनबाईनं शोधून काढलं. कुणीतरी आपल्या घरची रेकॉर्ड वाजवून, ती भरून नेटवर चढवलेली आहे. खरखर त्याच्या रेकॉर्डची. कोण, कुठल्या गावचा, काही लिहिलेलं नाही. आणि आमची रेकॉर्ड खरखरली नाही, कारण ते गाणं हे फारसं लावायचे नाहीत. जवळजवळ कोरीच होती.

प्रशांत चिडवत नव्हता. म्हणाला, "मग कान नाही ओळखत ना आई. राहिलं काय?"

बरोबर प्रश्न आहे.  सूनबाईनं भजी तळली.

३ डिसेंबर

दोन दिवस नेटवरच ऐकते आहे. प्रामाणिकपणे लिहायचं तर छान वाजतं. शब्द कळतात. ह्यांच्या कितीतरी गाण्यांचे शब्द मला आत्ता कळतायत. कर्णा वडावर, मी चुलीपाशी, मधे गावभरचा कालवा, कसले शब्द कळणार. एका लावणीत जे मी इतकी वर्षं पीकपाण्याचं समजत होते ते तसलं काही नाही. ह्यांना माहीत असणार. कधी बोलले नाहीत.

वाचनालयातून आवाजावरचं पुस्तक आणलंय. त्यात खाचेचं चित्र मोठं करून दिलंय. डोंगरातल्या वाटेसारखी खाच. सुई त्या वाटेनं चालते, आणि दर खेपेला वाट थोडी खचते. म्हणजे ऐकणं हेच झिजवणं. हे आधी माहीत असतं तर लग्नांत गाणी कमी लावली असती का? नसती. सुपारी घेतलेली असायची.

तक्रार एकच. गाणं संपलं की ते आपणहून दुसरं लावतं, मग तिसरं. मधे खताची जाहिरात. आपल्याला उठावं लागत नाही. रेकॉर्ड संपली की खोलीत सुई घासल्याचा आवाज राहायचा आणि हे भाकरी अर्धी टाकून उठायचे. ते बरं होतं असंही नाही. भाकरी गार व्हायची.

५ डिसेंबर

विक्रम आला. अंगानं पैलवान, बोलायला मऊ. पाया पडला. पेट्या बघून खूश.

"काकू, लई भारी हायत. सगळ्या नेतो."

विचारलं, पाकिटं?

"पाकिटं नगं. काळ्या चकत्या पाहिजेत नुसत्या. आख्खी भिंत भरायची."

"लावणार कशा?"

"खिळा मारायचा. भोक तर मधी हायच आधीपासनं."

मला हसू आलं. तोही हसला. त्याला वाटलं मला पटलं.

वाजवणार का एखादी, विचारलं. "वाजवायचं कशाला काकू, गाणी ब्लूटूथवर. ह्या दिसायला. लोक फोटू काढत्यात." मग पेटीचं झाकण लावत, "काकांचं नाव लिव्हतो ना खाली. पाटीच करतो. निरवांगीकर साऊंड यांचेकडून."

मुलगा वाईट नाही. चहा बशीत ओतून प्याला. दोन-चार दिवसांत सांगते म्हटलं.

६ डिसेंबर

प्रशांतचा फोन. विक्रमला काय सांगू?

मी म्हटलं, खिळे मारणार आहे तो.

"आई, पेटीत तरी कोण बघतं? वर्षभर तू तरी उघडलीस का? भिंतीवर निदान माणसं बघतील. आप्पांना माणसं लागायची."

हे त्यानं खरं सांगितलं. ह्यांना माणसं लागायची. एकटं बसून गाणं ऐकताना मी ह्यांना पाहिल्याचं आठवत नाही. घरातही दार उघडं टाकून लावायचे, रस्त्यावरच्यांनी ऐकावं म्हणून.

मागून सूनबाई, "राहू द्या ना आईंच्या, काय घाई आहे." प्रशांत म्हणाला, घाई उद्घाटनाची आहे, स्पीकरची आहे, आणि आई, तुझ्या खोलीत पलंगाला लागून पेट्या आहेत, तू अडखळून पडलीस की मग. तेही खरं. काल अंगठा ठेचला.

८ डिसेंबर

शालनच्या पूजाची हळद बारा तारखेला. मांडवाच्या बायका आज माझ्या ओट्यावर जमल्या, गाणं कसं म्हणायचं ते ठरवायला. माळेगावची गोष्ट गावभर झालीय.

पोरी म्हणाल्या, फोनवरचं लावू, नीट अख्खं. बायडाकाकू म्हणाली, "आमची समद्यांची लग्नं ह्या गाण्यावर झाली. ती काय अर्धी झाली?"

शालनची अडचण निराळी. पूजाची मावशी अकलूजहून येणार आहे. शालनच्या आजारपणात तिनंच पूजाला सांभाळलं होतं. "तिच्या तोंडावर मावशी गाळून कसं म्हणायचं?"

"मग म्हणा की मावशीचं," एक पोरगी म्हणाली.

"पण मग काकानं मांडवात न्यायचं जातंय. पूजाच्या काकांनी चुडा आणून ठिवलाय, चालायची प्रॅक्टिस करत्यात अंगणात."

पूजालाच विचारलं. ती म्हणाली, "आपल्या गावातलं म्हणा." मग आईकडं बघून, "म्हंजी... कसंबी म्हणा."

शेवटी सगळ्या माझ्याकडं वळल्या. रेकॉर्ड तुमची, तुम्हीच सांगा, तुम्हीच पुढं म्हणा. मी म्हटलं, ऐनवेळी सांगते. मला काहीच ठरवता येत नाहीये या दिवसांत, ना फळीचं ना गाण्याचं.

१० डिसेंबर

चौथी पेटी अजून पाहिली नव्हती. आज पाहिली. तळाशी तीच हळदीची रेकॉर्ड. दुसरी. पाकीट दुकानातलं, ठिपकाही माझ्या हातचा. वाजवली. कोरी करकरीत. चुडा, मावशी, मुंडावळ्या, मामा, सगळं जागच्या जागी. उडी नाही.

तात्यांना फोन केला. हे काय आहे?

तात्यांना आठवलं. "व्हय की. पहिली उडाय लागली तसं त्यानं दुसरी आणली बारामतीतनं. तवर बायांच्या तोंडी उडीचं बसलं हुतं. नवी लावली एका लग्नात, निमगावाकडं. बाया म्हणत म्हणत मधीच थांबल्या. येकमेकींकडं बघाय लागल्या. नवरी आपली पाटावर तशीच, हळदीचा हात वर. त्यो म्हणाला, सोपाना, बायका चुकल्या की रं आपल्यामुळं. लगी सुई उचलली, जुनी लावली."

"पुन्हा कधी नवी नाही लावली?"

"न्हाय. म्हणला, गाणं त्यांचं हाय. आपण नुसतं वाजवणारं."

फोन ठेवला. गॅसवर दूध होतं, ते बघितलं.

म्हणजे ह्यांनी ठरवलं होतं. घरात नीट गाणं असताना मोडकं वाजवत राहिले. मला वाटत होतं ती झीज आहे. झीजच आहे, पण पुढची सगळी ह्यांनी जाणूनबुजून केलेली.

आणि हेही खरं, की त्या चार पेट्यांतलं बाकी सगळं नेटवर मिळतं. कुणाच्या तरी खरखरीसकट. जे जगात कुठं मिळणार नाही ते फक्त एकच आहे, आणि ते म्हणजे एक ओरखडा. त्याच्यासाठी चार पेट्या ठेवायच्या म्हणजे...

११ डिसेंबर

काल लिहिलं ते परत वाचलं. एकच ठेवून बाकी द्यावं, असा अर्थ निघतो. सोपं आहे. प्रशांतलाही पटेल.

पण पेट्या लावायला बसले तर एकही खिळ्याच्या बाजूला जाईना. त्याला कारण नाही. परीक्षेत तर मी नापास झाले आहे.

१२ डिसेंबर

हळद झाली.

पूजा पाटावर. मावशी अकलूजहून आली होती, उंच, लुगड्याचा काठ जपणारी. वाटी हातात घेऊन समोरच बसली. काका चुड्याचं ताट घेऊन तयार. पोरींनी फोन काढून ठेवला होता, मी हातानं नको म्हटलं. नुसत्या तोंडानं म्हणू.

आईचं कडवं म्हटलं. काकाचं आलं. मी काही ठरवलं नव्हतं. 'हिरवा चुडा' म्हणून श्वास घेतला, आणि तोंडातून 'मांडवी नेली'च गेलं. सगळ्या गावाच्या तोंडातून गेलं. काका ताट वर करून हसला. गाणं संपलंसुद्धा.

मावशी वाटीत बोट तसंच धरून म्हणाली, "अन् मुंडावळ्या? त्या काय आपोआप आल्या?"

हशा झाला. बायडाकाकू म्हणाली, "बाई, तुझं राहिलं. थांब, आता म्हणतो."

आणि मावशीचं कडवं मागाहून म्हटलं. पोरींना येत होतं, म्हाताऱ्यांनी मागं मागं ओढलं. नवरी मांडवात पोचल्यावर मुंडावळ्या गुंफायला बसली मावशी. गाण्याच्या हिशेबानं उलटंच. पूजा रडायला लागली, मावशीही. शालन मला म्हणाली, "काकू, असंच ठिवू या. शेवटाला मावशी."

म्हणजे आता निरवांगीचं गाणं रेकॉर्डवरही नाही आणि नेटवरही नाही.

घरी आल्यावर ह्यांना सांगावंसं वाटलं. तशी सवय आहे. अंगणात तुळशीपाशी थोडं बसले, मग पातेली आवरली.

१५ डिसेंबर

विक्रमचा फोन. भिंत रंगवून झालीय, एकदा येऊन बघा काकू, म्हणजे तुमच्याही जिवाला बरं. प्रशांत न्यायला आला.

हॉटेल मोठं आहे. हायवेच्या कडेला, बाहेर बैलगाडीचं एक चाक उभं केलंय. आत डावीकडं आख्खी भिंत गडद रंगवलेली, वर पिवळे दिवे. त्यावर खडूनं गोल काढलेत. एका रेकॉर्डीला एक गोल, ओळीनं. पार छतापर्यंत. मधोमध एकेक ठिपका, खिळ्याचा.

विक्रम म्हणाला, "काकू, तुमीच सांगा कुठली कुठं लावायची. काकांच्या आवडीची मधी घेऊ."

मी जवळ जाऊन पाहिलं. शेवटची रांग हात धुवायच्या बेसिनच्या वर आहे. तिथं पाणी उडतं का विचारलं. "उडंल थोडं. त्या वल्या झाल्या तर काय हुतंय? लोखंड थोडंच हाय." प्रशांत त्याच्याकडं बघत होता, मग माझ्याकडं.

एका गोलावर तळहात ठेवून पाहिला. बरोब्बर मापाचा काढलाय. पोरानं मेहनत घेतलीय. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं असतं, मस्त केलंस. आणि मग काय केलं असतं ते मला खरंच सांगता येत नाही.

"उद्घाटन शुक्रवारी हाय काकू. गुरवारी टेम्पो लावू का?"

"बुधवारी फोन करते."

येताना गाडीत प्रशांतनं गाणं लावलं नाही. इंदापूर आलं तेव्हा म्हणाला, "बेसिनच्या वर लावायला नको देऊ या. ते मी सांगतो त्याला." मग गाडी गावाकडं वळवताना, "आई, नक्की काय करायचंय तुला?"

म्हटलं, आधी जेवू.

जेवताना त्यानं कडप्प्याकडं पाहिलं. फळी मी सकाळी पुसून ठेवली होती, रिकामीच आहे. मशीन दिवाणावर, नेटचा डबा खिडकीत.

माझ्या हाताला अजून खडू लागलेला आहे. साधा शाळेचा खडू. ओल्या फडक्यानं भिंतीवरचे गोलही जातील.